तेंदुझरीची हिरवी बटणं

तेंदुझरी राष्ट्रीय उद्यानाच्या चिचटोला फाटकाशी एक काळा फळा आहे. बाकीच्या उद्यानांनी असले फळे केव्हाच काढून टाकले, कारण हवामान आता ज्याच्या त्याच्या फोनवर असतं. चिचटोल्याचा फळा मात्र फुलवंता नैताम यांनी काढू दिला नाही. साहेब आले, साहेब बदलून गेले, फळा आपला जागेवर आहे.

फुलवंताबाई आधी वीस वर्षं या रानात वाटाड्या होत्या, तालुक्यातली पहिली बाई वाटाडी. गुडघे कुरकुरायला लागल्यावर त्या फाटकावर आल्या. पर्यटकांना आजची हवा सांगायची आणि फाटक उघडायचं किंवा बंद ठेवायचं, हे त्यांचं काम. २०४१ सालच्या अठ्ठावीस मार्चला पहाटे त्यांनी फळ्यावर लिहिलं, ‘आज कमाल तापमान ४१. सकाळी अंगावर पातळ शाल असू द्या, नऊनंतर ती नकोशी होईल. माणशी दोन लिटर पाणी. टोपी विसरू नये. वारा दुपारून आग्नेयेकडून. गारा नाहीत.’ त्याखाली बारीक अक्षरात रोजची ओळ होती. ‘हा अंदाज चाहूल या यंत्रणेचा. चाहूल चेतना नैताम, राहणार चिचटोला, हिने तयार केली आहे.’

ही शेवटची ओळ सरकारी नियमात बसत नाही, असं दोन साहेबांनी सांगून पाहिलं होतं. फुलवंताबाई ती मुकाट्याने पुसायच्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा लिहायच्या.

सांगलीहून निवृत्त शिक्षिकांचा एक गट आला होता, बाराजणी, सगळ्यांच्या डोक्यावर एकसारख्या पिवळ्या टोप्या. त्यांच्या पुढारी कवठेकर बाई. फळ्यावर शुद्धलेखनाची चूक सापडते का हे त्यांनी आधी पाहिलं, सापडली नाही तेव्हा विचारलं, “गारा नाहीत असं मुद्दाम लिहिलंय. म्हणजे एरवी असतात की काय?”

“असतात ना जी,” फुलवंताबाई म्हणाल्या. “आमच्याकडे फुलं अन् गारा एकाच महिन्यात. सकाळी पळस पाहा अन् दुपारी डोकं सांभाळा.”

“मग आज नाहीत हे कशावरून?”

फुलवंताबाई या प्रश्नाची रोज वाटच पाहत असायच्या. “माह्या पोट्टीनं सांगतलं,” त्या म्हणाल्या, आणि पुढची दहा मिनिटं बाराही शिक्षिकांची त्यातून सुटका झाली नाही.

गोष्ट पंधरा वर्षांपूर्वीची. असाच मार्च होता. रानाच्या मधोमध सागमाळ नावाचं उघडं पठार आहे. तिथे दुपारच्या फेरीतल्या अकरा जिप्सींना गारांनी गाठलं. लिंबाएवढ्या गारा, वीस मिनिटं. गाड्यांना टप नव्हते. भजन उईके नावाच्या वाटाड्याचा एक डोळा गेला. फुलवंताबाई एका पर्यटकाच्या लहान मुलीला पोटाशी घेऊन गाडीच्या तळाशी पालथ्या पडून राहिल्या. मुलीला ओरखडासुद्धा आला नाही. घरी आल्यावर बारा वर्षांच्या चेतनाने आईच्या पाठीला तेल लावलं आणि काळेनिळे वळ मोजले. त्रेचाळीस भरले.

“माय, ढग आला कुठून?” तिने विचारलं होतं.

“आला नाई व. तिथंच बनला, डोक्यावर.”

“मंग बनतानी कोणाले दिसला काहून नाई?”

चेतनाचं पुढचं सगळं शिक्षण या एका प्रश्नामागे गेलं. प्रश्न सोपा नव्हता. पावसाळ्यातला ढग समुद्रावरून निघतो आणि रडारवर दोन दिवस वाट चालताना दिसतो. मार्चातला गारांचा ढग तासाभरात जागच्या जागी उभा राहतो. रडारला थेंब दिसतात, नुसती वाफ दिसत नाही, आणि थेंब तयार होईपर्यंत गाडी रानात आठ किलोमीटर आत पोचलेली असते. तेव्हा ढग व्हायच्या आधीची वाफ पकडायला हवी होती. ती वाफ येते कुठून, याचं उत्तर चेतनाला तिच्या अंगणातूनच दिसत होतं.

फेब्रुवारीत हे रान झडतं. मार्च लागला की एक थेंब पाऊस नसताना कुसुम, मोह, करंज यांना पालवी फुटते. झाड खोलातलं पाणी वर ओढतं आणि कोवळ्या पानांतून हवेत सोडतं. साग मात्र जूनपर्यंत नुसत्या काड्या घेऊन उभा असतो. त्यामुळे पालवलेल्या नाल्यावर ओलसर हवा आणि शेजारच्या उघड्या सागावर तापलेली कोरडी हवा अशी जोडी तयार होते. त्या दोघींची जिथे गाठ पडते, तिथे हवा वर चढायला लागते. वरच्या थरात गारठा रेंगाळत असेल तर बघता बघता ढग बारा किलोमीटर उंच होतो आणि त्याच्या पोटात गारा घडतात.

चेतनाने रानातल्या चाळीस हजार झाडांच्या खोडांना अंगठ्याएवढ्या चकत्या लावल्या. झाडाने पाणी सोडलं की खोड केसभर आकसतं, पाणी भरलं की फुगतं. चकती ते मोजते. किती झाडांनी किती वाफ सोडली हे त्यावरून कळतं, आणि ती वाफ कुठे साचली हे उपग्रहांच्या संदेशांना तिच्यातून येताना किती उशीर होतो त्यावरून कळतं. दोन्ही जुळवून चाहूल पहाटे दिवसभराचा ढोबळ अंदाज देते, दुपारी तो नव्याने करते, आणि रानाच्या कुठल्या चौकोनात ढग जन्माला येणार हे दीड तास आधी नेमकं सांगते. चौकोन दोनशे मीटरचा. आता तेंदुझरीत लोक गारांना घाबरून यायचे थांबत नाहीत. वसंतातली एकेक फेरी सहा महिने आधी भरलेली असते.

पण यंत्राला शिकवावं लागतं. अंदाज बरोबर आला की चुकला, हे रोज कुणीतरी सांगायला हवं. पर्जन्यमापक रानभर ठेवता येत नाहीत आणि गारा त्यांच्यावरून उडून जातात. म्हणून प्रत्येक वाटाड्याच्या वॉकीटॉकीवर दोन बटणं दिली होती. फेरीहून परत आलं की अंदाज खरा ठरला तर हिरवं दाबायचं, चुकला तर लाल. लाल आलं की चाहूल त्या जागेबद्दल स्वतःवर शंका घ्यायला शिकते, हिरव्याने तिचा आत्मविश्वास वाढतो. व्यवस्था चोख होती, आणि घोळ नेमका तिथेच झाला.

दोन वर्षांपूर्वी, चाहूल सुरू होऊन तिसराच दिवस होता. कोरडं सांगितलेल्या जागी वाटाण्याएवढ्या गारा पडल्या. सोमाजी पेंदाम हा जुना, सरळमार्गी वाटाड्या. त्याने लाल दाबलं आणि फाटकावर येऊन तसं सांगितलंही. फुलवंताबाई त्याच्यावर उखडल्या.

“सोमाजी, आपल्याच गावची पोट्टी ना ते? पहिल्याच आठवड्यात नापास करून राह्यला तिले? थोडं इकडेतिकडे झालं त का बिघडलं?”

सोमाजी खजील झाला. त्या दिवसानंतर तेंदुझरीत कुणीही लाल बटण दाबलं नाही. कुणी तसा हुकूम काढला नव्हता. गावातल्या लग्नात भाजी खारट झाली तरी पंगतीतलं कुणी ते बोलत नाही, इतकं ते सहज होतं. चेतना सगळ्यांच्या डोळ्यांदेखत वाढलेली, चिचटोल्यातून परदेशी जाऊन शिकून आलेली एकुलती एक मुलगी. अंदाज चुकला की वाटाडे गाड्या पटकन दगडी चौकीच्या आडोशाला घालायचे आणि पाहुण्यांना हसवत ठेवायचे. पाहुण्यांना वाटायचं हाही फेरीचाच भाग आहे. मग परत येऊन वाटाडे हिरवं दाबायचे, मोठ्या अभिमानाने.

हे सगळं फुलवंताबाईंना माहीत होतं, आणि या अठ्ठावीस मार्चच्या आदल्या संध्याकाळपर्यंत त्यांना ते फारसं टोचतही नव्हतं.

आदल्या संध्याकाळी चेतना नागपूरहून आली. दुसऱ्या दिवशी राज्याची समिती येणार होती. समितीचं समाधान झालं तर चाहूल राज्यातल्या सगळ्या उद्यानांत बसणार होती. अंगणात मोहफुलं वाळत घातली होती. त्यांच्या शेजारी बसून चेतनाने आईला पडद्यावर आकडे दाखवले. चाचणीसाठी घेतलेल्या दुसऱ्या दोन उद्यानांत चाहूल शंभरात शहाऐंशी वेळा बरोबर होती. तेंदुझरीत नव्व्याण्णव.

“काहून असं, ते कोणालेच समजून नाई राह्यलं,” चेतना हसत म्हणाली. “माह्या प्रोफेसरायले मी सांगतलं, माहेरची माती आहे.”

फुलवंताबाईंच्या तोंडचं पाणी पळालं. आकड्यांतलं त्यांना फार कळत नव्हतं, पण हे कळलं. हे नव्व्याण्णव आपण दिलेले होते. सांगायचं म्हणून त्यांनी दोनदा तोंड उघडलं. चेतना मात्र उद्या काय बोलायचं याची उजळणी करत होती आणि तिचा चेहरा इतका उजळलेला होता, की त्या उठून चहा टाकायला गेल्या.

अठ्ठावीसला समिती दुपारी बाराला आली. अध्यक्ष डॉ. वैजयंता टिळेकर, साठीच्या, कमी बोलणाऱ्या बाई. बरोबर तिघे सदस्य. तीनच्या फेरीत पहिल्या जिप्सीत समिती बसणार होती आणि सागमाळावरून भिवडोहाच्या तळ्यापर्यंत जाऊन येणार होती. मागे दहा जिप्सी, त्यांत दोन सांगलीच्या बायकांच्या. चाहूल सांगत होती, सातपर्यंत सगळं रान कोरडं, खात्री सत्त्याण्णव टक्के.

दीड वाजता वारा फिरला. फळ्यावर लिहिल्याप्रमाणे तो आग्नेयेकडून यायला लागला. फुलवंताबाईंनी खणातून आपली वही काढली. वाटाड्या असल्यापासून त्यांना रोजची हवा लिहून ठेवायची सवय होती, आणि वहीत कुणाची भीड नव्हती, त्यामुळे तिथे सगळं खरं होतं. कुसुमाची पालवी पुरी झालेली, तापमान चाळिशीच्या वर आणि वारा आग्नेयेचा, असे दिवस त्यांनी दोन वसंतांतून शोधून काढले. सोळा निघाले. सोळातल्या नऊ दिवशी सागमाळाच्या कडेला गारा किंवा वादळ झालं होतं. चाहूलने त्यातलं एकदाही सांगितलं नव्हतं, आणि नऊच्या नऊ वेळा हिरवं बटण दाबलं गेलं होतं.

त्यांनी चेतनाला तिकीटखिडकीच्या मागे बोलावलं आणि सगळं सांगून टाकलं. सोमाजीला कसं रागावलो ते, बटणं, वही. चेतना वहीची पानं उलटत गेली तसा तिचा रंग उतरला.

“दोन वर्षं, माय?”

“हाव.”

“सगळ्यायनं?”

“सगळ्यायनं. सुरुवात माह्याकडून.”

“तुले माहीत आहे का यानं का होते? सागमाळावर चाहूल डोळे झाकून बसली असन. तुमीच तिले सांगतलं ना, इथं काही होत नाई म्हणून!” चेतनाचा आवाज चढला आणि तिने तो लगेच दाबला. खिडकीपलीकडे समिती सरबत पीत होती. “किती वाजले?”

“अडीच.”

चेतनाने वही मिटली. “माय, आत्ता काही बोलू नको,” ती शेवटी म्हणाली. “सोळातले नऊ म्हणजे सात दिवस कोरडेच गेले. आज कोरडंच जाईन. मी सोमाजीकाकाले गाडी चौकीजवळच ठेवाले सांगतो. समिती जाऊ दे, मंग मी सारं दुरुस्त करतो. सात वर्षं आहे माही यात.”

आणि ती समितीकडे गेली, हसत.

फुलवंताबाई तिथेच उभ्या राहिल्या. लेकीला आपणच या अडचणीत घातलं आणि आता तिचं नुकसानही आपणच करायचं, हे त्यांना सोसवत नव्हतं. बाहेर शिक्षिका गाडीत चढत होत्या. कवठेकर बाई टोपीची नाडी बांधता बांधता कुणाला तरी सांगत होत्या, “काही काळजी करू नका, गारा नाहीत. त्या बाईंच्या मुलीनेच सांगितलंय.”

ते ऐकल्यावर फुलवंताबाईंना पुढे काही सुचेना, म्हणजे एकच सुचलं. त्या फळ्याकडे गेल्या, ‘गारा नाहीत’ ओल्या फडक्याने पुसलं आणि लिहिलं, ‘दुपारची फेरी बंद.’ मग फाटकाचा आडवा दांडा खाली केला आणि कुलूप लावलं.

अकरा गाड्या जागच्या जागी थांबल्या. ड्रायव्हर ओरडायला लागले. डॉ. टिळेकर उतरून फाटकापाशी आल्या.

“फाटक कुणी लावलं?”

“मी, मॅडम.”

“का? यंत्रणा तर कोरडं सांगते आहे.”

“यंत्रणेले आम्ही खोटं शिकवलं,” फुलवंताबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज रानात हाक मारण्याच्या सवयीचा, सगळ्या गाड्यांपर्यंत गेला. “दोन वर्षं ते चुकली की आम्ही बरोबर म्हटलं. पोट्टी आमची म्हणून. तिले यातलं काही माहीत नव्हतं, मी आत्ता सांगतलं. आज सागमाळावर काही होईनच असं माह्यं म्हणणं नाई. होईन का नाई, हे चाहूलले समजत नाई, एवढं मले माहीत आहे. अन् जे समजत नाई, त्याच्या भरवशावर मी कोणाले आत सोडत नाई.”

सोमाजी पहिल्या गाडीत मान खाली घालून बसला होता. डॉ. टिळेकर चेतनाकडे वळल्या. “खरं आहे हे?”

चेतनाला अजूनही सावरून घेता आलं असतं. आईचं वय झालंय, घाबरते, असं म्हणता आलं असतं. फुलवंताबाईंनी तिच्याकडे पाहिलंच नाही. पाहिलं असतं तर तिच्यावर ओझं पडलं असतं.

“खरं आहे,” चेतना म्हणाली. “मला अर्धा तास द्या. इथली दोन वर्षांची बटणं काढून टाकते आणि पुन्हा गणित करते.”

अर्ध्या तासाची पन्नास मिनिटं झाली. चिंचेच्या सावलीत गाड्यांतले लोक उतरून बसले, काही वैतागून गावात गेले. मुंबईच्या एका गृहस्थांनी तक्रारवही मागितली आणि फुलवंताबाईंनीच ती पेनासकट नेऊन दिली. वहीत शक्यतो स्वच्छ अक्षरात लिहावं, अशी विनंतीही केली. एकीकडे सोमाजी एकटाच गाडी घेऊन सागमाळाच्या दगडी चौकीत जाऊन बसला, कारण फेरी असो वा नसो, तिथे काय होतं हे कुणीतरी डोळ्यांनी पाहायला हवं होतं.

चारला दहा कमी असताना चेतनाने पडदा डॉ. टिळेकरांसमोर धरला. सगळ्या रानावर हिरवं होतं आणि सागमाळावर पिवळा डाग. गारांची शक्यता अठ्ठावन्न टक्के. थोड्या वेळापूर्वी त्याच जागी तीन होते.

डॉ. टिळेकरांनी आकडा पाहिला. मग त्यांनी मान वर करून पश्चिमेकडे पाहिलं. सागमाळाच्या अंगाला एक पांढरा ढग उभा राहत होता, फुलकोबीच्या गड्ड्यासारखा, आणि नजरेसमोर फुगत होता. साडेचारला त्याचा तळ काळा पडला. एकदा गडगडलं. फाटकावरचे सगळे उभे राहिले. वॉकीटॉकीवर सोमाजी म्हणाला, “ताई, वारा गार झाला.” फुलवंताबाईंनी आयुष्यात पहिल्यांदा मनातल्या मनात गारांची वाट पाहिली, आणि त्याबद्दल त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

मग ढगाचं काहीतरी बिनसलं. वरून तो पसरला, खालून विरळ झाला. सव्वापाचपर्यंत त्याच्या आरपार ऊन दिसायला लागलं आणि सहाला आकाश धुतल्यासारखं मोकळं होतं. सागमाळावर गार पडली नाही. मुंबईच्या गृहस्थांनी तक्रारवहीत आणखी एक ओळ वाढवली.

सात वाजता दिवसाचं बटण दाबायची वेळ आली. जाहीर झालेला अंदाज दुपारी दोनचा होता आणि तो होता कोरडं. फाटकावर वॉकीटॉकी मोठ्याने सुरू होता. समिती, चेतना, शिक्षिका, सगळे तिथेच होते.

“ताई,” सोमाजीचा आवाज आला. “चार थेंब पडले इथं. चौकीच्या पायरीवर मी सोता पाहिले. पाऊसच म्हणा लागन त्याले. लाल दाबून देऊ का?”

“चार थेंब?”

“नाई म्हणजे, दोन त पक्के. पाहा ना ताई, हिरवं दाबलं त लोक म्हणतीन फुलवंताताईनं उगाच फाटक लावलं. इतक्या लोकायसमोर तुमची फजिती कशाले? लालच दाबतो.”

फाटकावरचे दोन वाटाडेही माना डोलवायला लागले. लाल, लालच बरं. फुलवंताबाईंनी सगळ्यांकडे पाहिलं. हीच ती माया, दोन वर्षांपूर्वीची, नुसती दुसऱ्या बटणावर गेलेली. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि रागही आला, दोन्ही एकदम.

“सोमाजी, दोन वर्षं माह्या पोट्टीसाठी खोटं बोलला. आता माह्यासाठी बोलतं का? जमीन ओली झाली का?”

“नाई.”

“मंग?”

“हिरवं दाबलं, ताई,” सोमाजी म्हणाला. “जिवावर आलं, पण दाबलं.”

कवठेकर बाई फळ्याला टेकून हे सगळं ऐकत होत्या. दिवस फुकट गेल्याचा त्यांचा राग काही गेलेला नव्हता. तरी त्या पुढे आल्या. “छत्तीस वर्षं मी पेपर तपासले,” त्या म्हणाल्या. “मुलांना गुण वाढवून द्या म्हणणारे पालक खूप भेटले. आपल्या मुलीचे गुण कमी करा, आणि वर स्वतःचेही करा, असं सांगणारी पालक आज पाहिली. वाघ काय, पुढच्या वर्षी बघू.” आणि पिवळ्या टोप्या घेऊन त्या बसकडे निघून गेल्या.

डॉ. टिळेकरांनी निर्णय तिथेच सांगितला. लांबण लावायची त्यांना सवय नव्हती. “अठ्ठावन्न टक्के म्हणजे बेचाळीस टक्के कोरडं. आज बेचाळीस आलं. म्हणून फाटक लावणं चुकलं असं होत नाही. अठ्ठावन्नाला मी माझ्या नातवंडांना तिकडे पाठवलं नसतं. पण इथली दोन वर्षं बाद. या वर्षी मंजुरी नाही. पुढचा वसंत पुन्हा तपासू, खऱ्या बटणांवर.”

चेतनाने मान हलवली. समिती चहाला आत गेल्यावर ती फाटकाच्या दांड्याला टेकली. फुलवंताबाई जवळ गेल्या, पण हात लावायचं धाडस होईना.

“एक वर्ष गेलं माय माह्यं,” चेतना म्हणाली.

“माह्यामुळे.”

“हाव. तुह्यामुळेच.” चेतना आईकडे वळली. “बारा वर्षांची होती मी, तुह्या पाठीवरचे वळ मोजतानी मले लय अभिमान वाटला होता. कोणाले सांगतलं नाई कधी. वाटलं होतं, असा मोठा अभिमान एकदाच वाटत असन. आज पुन्हा वाटला. मी तुले गप्प बस म्हटलं, अन् तू नाई बसली.”

फुलवंताबाईंना रडू फुटलं. त्यांनी ते पदरात पुसलं आणि लेकीच्या पाठीवर हात ठेवला. छाती भरून आली होती आणि त्यात आता कसलीही चोरी नव्हती.

जाताना डॉ. टिळेकर चेतनाच्या पडद्याशी थांबल्या. तेंदुझरीचा नवा आकडा तिथे आला होता. फुलवंताबाईंच्या वहीवरून चेतनाने दोन वर्षांच्या चुका मोजून घेतल्या होत्या, आणि नव्व्याण्णवाच्या जागी त्र्याऐंशी दिसत होते. डॉ. टिळेकरांनी चष्मा सारखा केला.

“त्र्याऐंशी. फार घसरले हो, फुलवंताबाई. वाईट वाटतंय?”

“नाई जी,” फुलवंताबाई म्हणाल्या. “ते नव्व्याण्णव आमचे होते. हे त्र्याऐंशी माह्या पोट्टीचे आहेत.”